बारा लुगड्यांची शर्यत

ये गं बाई, जरा कागदाजवळ सरकून बस आणि आधी माझं रागावणं ऐकून घे. परवा फोन केलास. "आजी, आजोबांच्या वहीतल्या आकड्यांचे फोटो पाठव," म्हणालीस, आणि मी तोंड उघडायच्या आत "ठेवते गं, मशीन लागलंय" म्हणून ठेवूनसुद्धा दिलास. आजीशी असं बोलतात होय? जेवलीस का, गुडघा कसा आहे, काही नाही. तुझ्या त्या मशीनला विचारतेस ना रोज, कसं आहेस म्हणून?

तू तिकडे चाकाच्या खुर्चीवाल्या पोरापोरींना रुळांवर पळवतेस. त्यांच्या कोपराला, खांद्याला चमकत्या टिकल्या लावतेस आणि हात कुठून कुठे जातो याची चित्रं काढतेस. मागच्या दिवाळीला हे सांगितलंस तेव्हा मी हसले, आणि तुला वाटलं म्हातारीला काही उमगलं नाही. अगं, मला जरा जास्तच उमगलं. ते काम मी तुझ्या आईला काखेत घेऊन केलंय. टिकल्यांच्या जागी माझ्याकडे कुंकू होतं, एवढाच फरक.

पण वहीतले आकडे मी पाठवणार नाही. ते चुकलेले आहेत. घड्याळ बरोबर होतं, लिहिणारी मी होते, लबाडी कुणी केली नाही, तरी चुकलेले आहेत. कसे, ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. आता तुला सांगते, कारण हे समजून घेणारं आपल्या घरात तूच एक आहेस.

माझं सासर उंब्रजपासून चार मैल आत, कृष्णेच्या काठाला. घरटी एक माणूस फौजेत. आमच्याकडचे फौजेतले म्हणजे तुझे आजोबा. त्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची, म्हणून मी अक्षरं शिकले. शाळा पाहिली ती बाहेरूनच. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या पाठीत तोफगोळ्याचा तुकडा बसला. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. दीड वर्ष पुण्याला लष्कराच्या इस्पितळात काढून ते घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. तुझी आई तेव्हा पाळण्यात होती. हो, ती लढाईच्या आधीच्या रजेची. तिला त्यांनी पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते त्या खुर्चीतच.

इस्पितळात एक सुभेदार होते. खुर्चीवाल्या जवानांच्या शर्यती ते घेत. त्यांनी ह्यांना सांगितलं होतं, दसऱ्यानंतर चाचणी आहे, शंभर मीटर सत्तावीस सेकंदांत काढशील तर संघात घेऊ, पुढे परदेशातही शर्यती असतात. ह्यांनी घरी आल्याबरोबर पहिलं हेच सांगितलं. "आई, तुजा ल्योक परत पळणार हाय." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच विचारलं, "परदेशात भाकरी मिळती का रं?"

परदेशाची हौस त्यांना नव्हती गं. त्यांना हवं होतं ते वेगळंच. बाजेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं कुणाच्या तरी हातून. एकदा मला म्हणाले, "कुणी मागनं हात न लावता, सरळ रेघंत, जीव खाऊन जायाचं हाय. एकदा. मग काय बी हूदे." मी "व्हय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही लागलो.

रस्ता होता. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उसाच्या गाड्या थांबतात आणि तो डांबरी रस्ता मोकळा पडतो. सकाळी उन्हाच्या आधी आम्ही तिघं तिथे जायचो. तुझी आई माझ्या काखेत. सासूबाई बाभळीखाली उभ्या राहून टॉवेल खाली टाकायच्या, की हे निघायचे. पुढे रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोरीजवळ मी ह्यांचं फौजेतलं मनगटी घड्याळ घेऊन उभी. त्याचा सेकंदाचा काटा तांबडा होता. मला अजून आठवतो.

पहिल्या दिवशी चौतीस सेकंद लागले. साठ रेटे. रेटा म्हणजे चाकाच्या बाहेरचं ते पातळ लोखंडी कडं धरून एकदा पुढे ढकलायचं, तो. ह्यांचे तळवे सोलून निघाले होते. मला म्हणाले, "अगं, माजं मला दिसत न्हाई. तू बघ. हात कुटं धरतोय, कुटं सोडतोय."

आता मी काय बघणार? पण बघत राहिले. पहिली गोष्ट दिसली ती खुर्चीच्या उंचीची. इस्पितळाची गादी होतीच, तिच्यावर सासूबाईंनी वाकळेची चौपदरी घडी ठेवली होती. गावातली माणसं भेटायला येऊन बाजेवर बसायची आणि खुर्ची पडली बाजेपेक्षा बुटकी. "माणसं वर बसणार आन् माजा ल्योक खाली? ते न्हाई व्हायाचं!" असा त्यांचा हट्ट. त्यामुळे ह्यांचा हात कड्याच्या नुसत्या माथ्यालाच पोचायचा, कोपर ताठ राहायचं, रेटा वितीएवढा. मी वाकळ काढली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण कोपर वाकलं आणि हात मागून धरून पुढपर्यंत जाऊ लागला. हे म्हणायचे, घड्याळाच्या काट्यागत बघ, अकरावर धरायचं, दोनवर सोडायचं.

नीट दिसावं म्हणून मी त्यांच्या कोपराला आणि खांद्याला कुंकवाचं बोट लावलं. सासूबाई अबोला विसरून ओरडल्या, "अगं बया! नवऱ्याला कुकू लावतीया! आता मंगळसूत्र बी बांध!" हे इतके हसले की खुर्ची हलायला लागली.

मग काजळ. मी ह्यांच्या तळव्याला काजळ फासून एक रेटा द्यायला सांगायची आणि कडं तपासायची. ठसा स्वच्छ उठला तर पकड बसली. रेघ ओढली गेली असेल तर हात घसरला. रोज चार चार बोटं रेघ असायची. म्हणजे तेवढा जोर वाया. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणून मी कड्यावर गुंडाळल्या. इंजिन आल्यापासून विहिरीवरची मोट पडून होती, तिचं कातडं कापून तळहाताला टोपणं शिवली. दाभण माझ्या अंगठ्यात शिरलं, त्याची खूण अजून आहे. आलीस की दाखवते.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. ह्यांचा हात कड्याला लागला की खुर्ची पुढे जायच्या आधी कणभर अडायची. का, ते समजेना. ते समजलं घरात, तुझ्या आईच्या पाळण्याशी. पाळणा जोरात असताना आपण थांबलेला हात मध्ये घातला तर झोका मोडतो. हात आधीच पाळण्याच्या वेगानं निघालेला असावा लागतो, मग नुसता टेकवायचा आणि सोबत जायचं. आणि सोडल्यावर हात तसाच आडवा मागे ओढायचा नाही, खाली मोकळा पडू द्यायचा, तो आपला आपण फिरून वर येतो. मी तशीच पळत ओसरीवर गेले आणि ह्यांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू फौजेत असतीस तर मी तुला सलाम ठोकला असता." बाई, तेवढ्या एका वाक्यावर मी आजवर जगलेय असं म्हटलं तरी चालेल.

साठाचे पन्नास रेटे झाले, पन्नासाचे त्रेचाळीस. चौतीस सेकंदांचे तीस झाले, मग अठ्ठावीस. मी रोज वहीत लिहायची, तीच ती वही. पाऊस झाला, उघडला, पुन्हा रस्ता. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात सव्वीस लागले. सव्वीस! मी घड्याळ तीनदा पाहिलं. सासूबाईंनी मोरीवरच ह्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

आता ऐक. शंभर मीटर आम्ही मोजले कसे, ते मी मुद्दाम आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं.

सुरुवात केली तेव्हा उन्हाळा होता, शाळेला सुट्टी, मोजायची टेप मास्तरांच्या कपाटात आणि मास्तर त्यांच्या गावी. हे म्हणाले, "शंबर मीटर म्हंजे एकशे नऊ वार आन् वर थोडं. तुजं लुगडं किती वारी?"

"नऊ. आणि किती असतंय?"

"बारा नवं एकशे आठ. वर पावणेतीन हात. झालं की मग! बायकूच्या लुगड्यावरनं पळणारा मी पैलाच गडी."

तुमच्यासारख्यांना हसू येईल, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नऊवारी म्हणजे नऊ वार, जसा शेर म्हणजे शेर. मी माझं इरकली लुगडं आणलं. माझ्या आईनं लग्नात सांगलीच्या पेठेतून घेतलेलं, हिरवं, तांबड्या काठाचं. सासूबाईंनी बाभळीपाशी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि डांबरावर बारा वेळा अंथरून आम्ही मोरीपर्यंत गेलो. वर पावणेतीन हात धरले. तिथे चुन्याचा पट्टा ओढला.

दसऱ्यानंतर पुण्याला गेलो. मैदान मुरमाचं होतं, दोरी लावलेली, आठ-दहा खुर्च्या. मला कडेला उभं राहू दिलं. ह्यांनी टोपणं घातली, माझ्याकडे पाहून भुवई उडवली. शिट्टी झाली. मी नेहमीसारखे रेटे मोजायला लागले. खुर्ची अशी निघाली होती की बाई, काय सांगू, तसूभर अडत नव्हती. हात पाळण्यासारखा. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

त्रेचाळिसाव्याला ह्यांनी मान वर केली. रोज करायचे तशीच, शर्यत संपल्यावर. आणि दोरी अजून पुढे होती.

एक क्षण. एकच. मग त्यांनी पुन्हा कडं धरलं. चार रेटे आणखी लागले, पण ते चार रेटे वेगळ्याच माणसाचे होते. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. एकोणतीस. ते फार भले गृहस्थ. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं, जवान. अगले साल फिर आना."

परतीची एसटी धरली. साताऱ्याच्या स्टँडवर मी चहा आणला, तो हातात धरून म्हणाले, "घरी सव्वीस आन् हितं एकोणतीस. म्हंजी काय? हात तेच, खुर्ची तीच. मी भ्यालो."

"आवं, काय बी काय बोलताय! मुरूम हुता. चाकं रुतत्यात मुरमात."

"मुरूम समद्यांना हुता. माणसं बगून हात गळालं माजं. तिकडं गोळ्या सुटत हुत्या तवा न्हाई भ्यालो, आन् हितं भ्यालो." चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

तुला आमच्या गावची रीत माहीत नाही. तिथे फौजेतल्या माणसाला पाय नसले तरी चालतात. भ्याला हा शब्द चालत नाही. दुसरं कुणी म्हणालं नव्हतं. ते स्वतःच स्वतःला म्हणत होते, हे जास्त वाईट. मोटेची टोपणं त्यांनी फडताळात टाकली. पुढच्या वर्षीच्या चाचणीचं पत्र आलं, ते वाचून घडी घालून ठेवलं. "न्हाई जायाचं," एवढंच. मी खूप विनवलं. सासूबाईंनी तर वाकळेची घडी पुन्हा खुर्चीवर आणून ठेवली, आणि ह्यांनी ती ठेवू दिली. तेव्हा मला समजलं, संपलं.

ती चाचणी होऊन गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी मी माहेरी गेले, तासगावच्या पलीकडे. बहिणीचं लग्न होतं. आईबरोबर सांगलीला लुगडी घ्यायला गेलो. दुकानदार लोखंडी मीटरनं मोजून दाखवत होता. इरकली लुगडं मोजलं आणि म्हणाला, आठ मीटर. मी सहज म्हटलं, "नऊ वारांचे सव्वाआठ होतात ना हो?" हे आकडे मला ह्यांच्यामुळे पाठ होते. तो हसला. "बाई, नऊवारी हे नेसायच्या पद्धतीचं नाव. मागावर थोडं कमीजास्त उतरतंच. आन् सुती हाय, चार वर्सं नदीवर आपटून धुतलं की साडेसातावर यायाचं. निऱ्या कमी पडाय लागल्या की बायका समजत्यात."

निऱ्या कमी पडाय लागल्या की.

बाई, हातातलं लुगडं मी तिथेच खाली ठेवलं. कारण माझ्या निऱ्या कमी पडत होत्या. दोन वर्षं पडत होत्या. रोज सकाळी ते लुगडं नेसताना माझ्या बोटांना दोन निऱ्या कमी लागायच्या आणि मी कासोटा जरा ओढून खोचायचे. माझ्या हाताला माहीत होतं. ह्यांचा हात कड्यावर चार बोटं घसरला तर मला दिसायचं, आणि माझ्या स्वतःच्या बोटांना समजलेलं मी डोक्यापर्यंत येऊ दिलं नाही. साडेसात बारा वेळा घेतले तर नव्वद. वर ते पावणेतीन हात. शंभराला नऊ मीटर कमी. चार रेटे कमी!

म्हणजे ते भ्याले नव्हते. पुण्यालाही ते अगदी तसेच पळाले होते जसे रोज पळायचे. त्यांची शर्यत त्रेचाळिसाव्या रेट्याला संपली होती, जिथे मी ती संपवायला शिकवलं होतं.

एसटीत मी घोकत आले. उंबऱ्यातच सांगायचं, पदर पसरून सांगायचं. घरी आले तर हे ओसरीवर, भोवती चार माणसं, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. कुणीतरी शर्यतीचं विचारलं होतं वाटतं. हे हसून सांगत होते, "आवं, आमी कसलं पळतोय, माणसं बगितली की आमचं हात थंड." लोक हसले. हेही हसले. बोलून बोलून त्यांनी ते असं गुळगुळीत करून टाकलं होतं. मला पाहून म्हणाले, "काय आणलंस सांगलीहनं?"

मी म्हणाले, "हळद."

आणि आत गेले.

उद्या सांगू म्हटलं. मग लोक नसताना सांगू. मग वाटलं, आता दुसरी चाचणीही गेली. आता सांगितलं तर ती गेलेली वर्षं मोजत बसतील. हे सगळं मी स्वतःला सांगायची. खरं कारण तुला सांगते. तू फौजेत असतीस तर सलाम ठोकला असता, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं होतं ना, ती नजर मला गमवायची नव्हती. त्यांच्या जिवाला लागलेलं खोटं मी तसंच राहू दिलं, माझ्यासाठी.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा त्यांना सारखा ताप येऊ लागला. अशा माणसांच्या मूत्रपिंडाला होतं ते, तुला माहीतच आहे. एके दिवशी जरा बरं होतं. म्हणाले, "रस्त्यावर ने." मी खुर्ची ढकलत नेली. बाभळीपाशी आल्यावर म्हणाले, "हात काड." मी काढला. त्यांनी कडं धरलं आणि निघाले. सावकाश, पण हात तसाच, पाळण्यासारखा. मी मागनं चालत होते. मोरीजवळ चुन्याचा पट्टा केव्हाच पुसून गेला होता, तरी ते बरोबर तिथेच थांबले.

"हितं संपायची न्हवं गं आपली शर्यत?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग पुण्यातच काय झालं की."

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ, आलं होतं. मी त्यांच्या कपाळाचा घाम पुसला आणि खुर्ची घराकडे वळवली. पंधरा दिवसांनी ते गेले.

ते लुगडं मी नंतर नेसले नाही. वाकळेत शिवलं नाही, कुणाला दिलं नाही. ट्रंकेत आहे, कडुनिंबाच्या पाल्यात. आणि तुला नवल वाटेल, मी ते आजवर मोजलेलं नाही. दुकानदारानं सांगितलं ते दुसऱ्याच लुगड्यावरून; माझं भरलं किती, कोण जाणे. कधी वाटतं, कदाचित पुरतं नऊ वार असेल, आणि मी उगाच इतकी वर्षं जळतेय. पण ते पुरतं भरलं तर मग ते खरंच भ्याले असं होईल. म्हणून ट्रंक उघडते, हात फिरवते आणि बंद करते.

रस्ता आता रुंद झाला, बाभूळ गेली, मोरी गेली. मोजायला आता तेवढं लुगडंच उरलंय.

तेव्हा तू ये. फोटो नाही, फोन नाही, तू ये. तुझी ती पोलादी टेप आण. एक टोक तू धर, एक मी धरते, पण आकडा तू वाच, मी डोळे मिटून घेईन. मग वहीतल्या एकेका आकड्याशेजारी तुझा खरा आकडा पेन्सिलीनं लिही. त्यांचे खोडू नकोस. आणि शेवटच्या पानावर पुण्याचा एकोणतीस मी कधी लिहिला नाही, तोही तूच लिही, तुझ्या वळणदार अक्षरात. सुट्टी नाही म्हणायचं नाही. शेंगा काढून वाळत घातल्यात, चटणी कुटून ठेवते. माझ्या बोटांत आता निऱ्यासुद्धा धड धरवत नाहीत गं. लवकर ये.